पेटीतले क्रोशाचे रुमाल : धुण्याआधी विचारा

महालक्ष्म्यांची किंवा दिवाळीची आवराआवर निघते, माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते आणि जुन्या साड्यांच्या तळाशी क्रोशाचे रुमाल सापडतात. पिवळे पडलेले, घडीच्या रेघेवर काळपट, एखाद्यावर गंजाचा ठिपका. लगेच बादलीत साबणाचं पाणी करून सगळे एकदम बुडवावेत असं वाटतं. तेवढं करू नका. रुमाल आणखी दोन महिने पिवळा राहिला तर काही बिघडत नाही. तो कोणी विणला आणि कशासाठी विणला हे सांगणारं माणूस दोन महिन्यांनी तितक्याच हुशारीत असेल, याची मात्र खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय डाग, जुनी खळ, रुमाल ज्यात गुंडाळला होता तो कागद, पेटीत त्याच्या शेजारी काय होतं, ही सगळी माहितीच असते आणि धुण्यात ती पाण्याबरोबर जाते. म्हणून या लेखात धुणं बरंच पुढे येईल.

आधी घरात क्रोशाचं काम कुठे कुठे असतं ते आठवा. रेडिओवरचा आणि टीव्हीवरचा रुमाल सगळ्यांना ठाऊक असतो. पण शिलाई मशीनवरचा, सोफ्याच्या पाठीवरचे तेलकट डोक्यांसाठी टाकलेले तुकडे, दारावरचं तोरण, चौरंगावरचं आसन, महालक्ष्म्यांच्या आराशीत समयांखाली घालायचे लहान गोल, तांब्या-पेल्यावर झाकायचा काठाला मणी ओवलेला रुमाल, परकराची आणि उशीच्या अभ्र्यांची लेस, बाळाचं टोपडं, हेही त्याच सुईचं काम आहे. मण्यांचा रुमाल आपल्याकडे, मराठवाड्यात, केवळ शोभेचा नव्हता. उन्हाळ्यात वारा सुटला की अंगणातल्या पाण्याच्या भांड्यावरून साधं फडकं उडून जातं, मण्यांच्या वजनाने हा जागेवर राहतो आणि धूळ-माशी आत जात नाही. जुन्या जालन्यातल्या मुस्लिम घरांत नमाजाच्या जाळीदार टोप्या याच सुईवर विणलेल्या सापडतील. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे किंवा शहरातल्या ख्रिस्ती कुटुंबांत तुमची ओळख असेल तर वेदीवरच्या वस्त्राच्या कडा पाहायला मागा. घरोघरचे नमुने एकमेकांशेजारी ठेवले की कोणती नक्षी कोणाच्या अंगणातून कोणाच्या अंगणात गेली असेल याचा अंदाज येऊ लागतो.

कोणाला, काय आणि कसं विचारायचं

"आजी, हा कधी विणला?" या प्रश्नाला "लई दिवस झाले बघ" याखेरीज उत्तर येत नाही. सन कोणी लक्षात ठेवत नाही, प्रसंग लक्षात राहतात. म्हणून मराठवाड्याच्या कालगणनेत विचारा. हे रझाकाराच्या आधीचं की पोलीस अ‍ॅक्शननंतरचं? म्हणजे निजामाची राजवट संपली त्या सप्टेंबर १९४८च्या अलीकडचं की पलीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात घरात दोऱ्याला पैसे होते का? जालना वेगळा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही सासरी आला होता का? टीव्हीवर रामायण लागायचं तेव्हा हा रुमाल टीव्हीवर होता का? ते १९८७-८८ साल. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ला, तुम्ही कोणत्या घरात होता? एकदा असा खुंटा मिळाला की आजूबाजूचं आपोआप सापडत जातं.

कागदही मदत करतात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणी जिल्ह्यात. रुमालाबरोबर लग्नपत्रिका किंवा भांड्यांची पावती निघाली आणि तिच्यावर 'परतूर, जि. परभणी' असेल, तर ती बहुधा १९८१च्या आधीची. बहुधा अशासाठी, की जुना पत्ता लिहायची सवय पुष्कळ वर्षं जात नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झाल्यावरही आपल्यापैकी किती जण अजून जुनंच लिहितात ते पाहा.

दुसरा प्रश्न रुखवताचा. आपल्याकडचं पुष्कळसं क्रोशाकाम रुखवतासाठी झालं. चौकोनी जाळीत भरलेली 'शुभविवाह', 'सुस्वागतम्' ही अक्षरं, समोरासमोर दोन हंस, वधूवरांची आद्याक्षरं, मधे कलश. मांडवात सांगितलं जायचं की सगळं मुलीने स्वतः केलंय. खरं म्हणजे त्यात मावशीचा, शेजारच्या काकूंचा, शिवण क्लासमधल्या मैत्रिणींचा हात असायचा आणि एखादी वस्तू जालन्याच्या बाजारातून आणून गुपचूप मांडलेली असायची. म्हणून "कोणी विणलं?" असं विचारू नका. "यात कोणाकोणाचा हात होता?" असं विचारा. या एका प्रश्नावर बायका हसतात आणि मग खरं बाहेर येतं. कोणाला अक्षरं जमायची नाहीत, कोणाची जाळी सैल पडायची, कोणी रातोरात काठ पुरा केला, हे त्यातच कळतं.

तिसरं म्हणजे हातात सुई द्या. ज्या आजींना नावं-गावं आठवेनाशी झाली आहेत त्यांच्याही बोटांना साखळी आठवते असं पुष्कळदा होतं. जाडसर दोरा आणि थोडी मोठी सुई आणा. बारीक दोऱ्याने सांधे दुखतात आणि डोळ्यांना दिसत नाही. त्या विणत असताना मोबाइल त्यांच्या खांद्याच्या मागून धरा, म्हणजे हात विणणाऱ्याच्या बाजूने दिसतात आणि नंतर पाहून शिकता येतं. समोरून धरलेल्या चित्रणात सगळं उलटं दिसतं. चेहऱ्याचा फोटो वेगळा काढा. ध्वनिमुद्रण कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून थांबू नका. फोन बदलला की ते हरवतं. निदान दोन ठिकाणी ठेवा आणि फाइलला नाव द्या.

विचारताना एक गोष्ट टाळा, ती म्हणजे 'फावल्या वेळात विणायच्या' असं स्वतःच ठरवून टाकणं. फावला वेळ कोणाला होता? दळण, पाणी, सरपण, शेतातली वेचणी आटोपून रात्री कंदिलापाशी काढलेला तो वेळ होता आणि काहींसाठी त्यातून चार पैसेही येत. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी जोडप्याने बायकांना लेस शिकवली. ती क्रोशाचीच लेस पुढे परदेशांत निर्यात होऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली या विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. दिवसाचे कित्येक तास विणूनही त्यांना गृहिणीच समजलं जातं, कामगार म्हणून मोजलं जात नाही आणि म्हणूनच मजुरी इतकी कमी देता येते, हे त्यांनी दाखवलं. नरसापूरच्या या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आयर्लंडमध्ये १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाची लेस विणून कित्येक घरांनी दिवस काढले. खरं क्रोशाकाम यंत्रावर होत नाही. यंत्राची जाळी वेगळ्या जातीची असते. त्यामुळे आठवडी बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळणारा रुमाल खरोखर क्रोशाचा असेल, तर तो कोणाच्या तरी हातांनी विणला आहे आणि त्या हातांना काय मिळालं असेल याचा हिशेब करायला फार गणित लागत नाही. आपल्या घरातल्या बाईने विणून कोणाला दिलं, बदल्यात काय घेतलं, धान्य की पैसे की नुसता चहा, हेही विचारून ठेवा. या प्रश्नाची उत्तरं अनेकदा सर्वांत चांगली येतात, कारण तो कधी कोणी विचारलेलाच नसतो.

रुमाल स्वतः काय सांगतो

माणूस नसेल तर रुमालाकडे जा. खाली काळं कापड पसरा, रुमाल त्यावर ठेवा आणि खिडकीच्या बाजूच्या उजेडात पाहा.

गोल रुमाल मधून सुरू होतो. सहा-आठ साखळ्या जोडून कडं करायचं, मग तीन साखळ्या घालायच्या, त्या पहिल्या खांबाच्या, म्हणजे उंच टाक्याच्या, जागी, आणि कड्यात तेवीस खांब, म्हणजे चोवीस झाले. पुढे प्रत्येक फेरीची सुरुवात तशाच तीन साखळ्यांनी होते. हा साखळ्यांचा खांब बाकीच्यांपेक्षा बारीक दिसतो. तो हेरला की फेरी कुठून सुरू झाली ते कळतं. आता कडेच्या टाक्यांच्या माथ्यावर जी वेणीसारखी साखळी दिसते तिच्याकडे पाहा. तिच्या प्रत्येक दुव्याचं टोक आधी विणलेल्या टाक्याकडे असतं आणि उघडी बाजू पुढे. सुलट बाजू वर ठेवून विणकाम घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गेलेलं असेल तर विणणारी उजव्या हाताची. काट्यांच्या दिशेने गेलं असेल तर डावखुरी. घरात डावखुरी कोण होती हे कोणा ना कोणाला आठवतंच, कारण त्या काळी तिला जेवताना त्यावरून बोलणी बसलेली असतात.

मग घट्टपणा पाहा. नवशिकीचं मधलं कडं घट्ट आवळलेलं असतं आणि बाहेरच्या फेऱ्या सैल. सरावलेल्या हाताचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं असतं. एखाद्या ठिकाणी अचानक टाके मोठे झाले, किंवा नक्षी तीच पण खांब उंच झाले, तर तिथे हात बदललेला असू शकतो. आईने सुरू केलेला रुमाल मुलीने पुरा केला, असं घडायचं. रंगाचा पट्टा मधेच किंचित वेगळा दिसत असेल तर दोऱ्याचा गुंडा संपला होता आणि दुसरा आणायला कोणीतरी जालन्याला किंवा मोंढ्याच्या दिवशी तालुक्याला जाईपर्यंत काम थांबलं होतं. उलट बाजूला गाठी शोधा. जितक्या गाठी तितके तुकडे जोडलेले. मला स्वतःला सर्वांत बोलकी वाटते ती ही मागची बाजू. समोरून सगळे रुमाल सुबक असतात.

आकारमानावरून वापर ओळखता येतो. लांबट आणि एकाच बाजूने झालर असलेला तुकडा बहुधा रेडिओ किंवा टीव्हीच्या खोक्यावर टाकायचा. टीव्ही चपटे होऊन भिंतीवर गेले आणि हे रुमाल पेटीत गेले. दोन जुळे छोटे आणि एक मोठा असा संच म्हणजे सोफ्याचा. मध्यभागी चहाच्या कपाचा गोल डाग असलेला ट्रेमधला. तेलाचा वास आणि काजळी असलेला देवघरातला.

एवढं झालं की फोटो. काळं कापड खाली, शेजारी फूटपट्टी, बरोबर वरून एक, मागच्या बाजूचा एक आणि जिथे नक्षी नीट दिसते तिथला जवळून एक. हा जवळचा फोटो पुढे नमुना उतरवायला लागतो.

चिठ्ठी

प्रत्येक रुमालाबरोबर एक चिठ्ठी हवी. 'आजीचा रुमाल' एवढीच चिठ्ठी काही उपयोगाची नाही. तुमच्या नातवंडांना ही कोणती आजी, आईकडची की वडिलांकडची, की आजीची आजी, काहीच कळणार नाही. पूर्ण नाव लिहा, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. आपल्याकडे लग्नात बायकांची पहिली नावंही बदलली जात. त्यामुळे माहेरी एक नाव, सासरी दुसरं आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांना ती एकच बाई आहे हे तिसऱ्या पिढीत ठाऊक नसतं, असं सर्रास होतं. दोन्ही नावं लिहिली की हा गुंता सुटतो.

चिठ्ठी अशी असू शकते: 'मोठ्या काकूंनी विणला (पुढे दोन्ही नावं). गाव भोकरदन. बहात्तरच्या दुष्काळानंतर घरात झालेलं पहिलं लग्न, धाकट्या आत्याचं, त्याच्या रुखवतात होता. काठ शेजारणीने पुरा केला. नंतर रेडिओवर. सांगणारी थोरली आत्या, अमुक महिना, अमुक साल.' सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख विसरू नका. उद्या दुसरी आत्या वेगळं सांगेल. तेव्हा पहिलं खोडू नका, दुसरं खाली लिहा. भांडण मिटवणं हे चिठ्ठीचं काम नाही.

लिहिताना जाड कागद आणि शिसपेन्सिल वापरा. बॉलपेनची शाई दमट हवेत पसरते आणि कापडाला लागते. स्टेपलर, टाचणी, चिकटपट्टी यांपैकी काहीच रुमालाला लावू नका. चिठ्ठीला भोक पाडून पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल बांधा किंवा रुमालाच्या पिशवीत ठेवा.

आता धुणं

आता बादली आणा. पण बोअरच्या पाण्याची नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. साध्या साबणाचा त्यात फेस होत नाही, साका होतो आणि तो दोऱ्यात बसून पांढरा रुमाल करडा दिसू लागतो. पावसाचं स्वच्छ गाळलेलं पाणी उत्तम. ते नसेल तर निदान शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यात करा. रंगीत दोरा असेल तर आधी ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा हलक्या हाताने दाबून पाहा. बोळ्याला रंग लागला तर तो रुमाल धुऊ नका, नुसता ब्रशने झाडा.

पांढऱ्या सुती रुमालासाठी पसरट घमेलं घ्या, तळाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पसरा, त्यावर रुमाल. उचलताना मच्छरदाणीसकट उचलायचा, म्हणजे ओल्या दोऱ्याच्या वजनाने जाळी ओढली जाऊन फाटत नाही. आधी नुसत्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा. पाणी चहासारखं होईल, ते बदला, पुन्हा ठेवा. पुष्कळसा पिवळेपणा इथेच जातो आणि साबणाची गरज कमी होते. मग रिठ्याचं गाळलेलं पाणी किंवा अगदी सौम्य द्रवसाबण. चोळायचं नाही, तळहाताने दाबायचं. पिळायचं तर मुळीच नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्या.

हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो आणि घाबरायला होतं. साबणाच्या अल्कलीने हळदीचा रंग बदलतो, एवढंच. भरपूर पाण्याने धुतलं की पुन्हा पिवळा होतो आणि उन्हात ठेवला की फिका पडत जातो. हळदी-कुंकवाच्या ताटावरच्या रुमालाला हे हमखास होतं. गंजाच्या ठिपक्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावून काही मिनिटांत धुऊन टाका. लिंबू कापडावर वाळू देऊ नका, आम्लाने सूत कमजोर होतं. ठिपक्याच्या जागी दोरा आधीच विरलेला दिसत असेल तर डाग राहू द्या. डाग गेला आणि भोक पडलं, यात फायदा कोणाचा? कपडे पांढरे करायची क्लोरीनची ब्लीच जुन्या सुताला वर्ज्य. नीळही नको, जाळीत ती कुठे जास्त तर कुठे कमी बसते आणि रुमाल निळ्या डागांचा होतो.

वाळवताना आकार द्यावा लागतो. थर्माकोलच्या शीटवर पांढरा कागद ठेवा, त्यावर रुमालाच्या मापाचं वर्तुळ काढून आठ समान भाग आखा, वर पातळ प्लास्टिक. ओला रुमाल मधून सुरू करून रेघांवर टाचत बाहेर या. टाचण्या स्टीलच्या, न गंजणाऱ्याच हव्यात. सावलीत ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घरातसुद्धा हे काम तासाभरात उरकतं.

वापरायच्या रुमालाला तांदळाच्या पेजेची किंवा साबुदाण्याची पातळ खळ द्या. झालर उभी राहावी म्हणून साखरेचा पाक लावायची जुनी युक्ती आहे आणि ती दिसते फार छान, पण मग मुंग्यांचीही सोय करून ठेवावी लागते. पेटीत जाणाऱ्या रुमालाला खळ अजिबात नको. कसर खळीवरच येते.

ठेवताना घडी घालू नका, गुंडाळा. कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याची नळी मागून आणा. तिच्यावर धुतलेलं मांजरपाट गुंडाळा, त्यावर रुमाल, वरून पुन्हा मांजरपाट. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. वर्तमानपत्राची शाई उतरते आणि तो कागद स्वतःच पिवळा पडून कापडाला पिवळा करतो. लोखंडी पेटीला आतून जाड कापडाचं अस्तर द्या, नाहीतर गंजाचे ठिपके पुन्हा येतील. कडुलिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला आणि पुरचुंडीत बांधून. पावसाळा संपला की वर्षातून एकदा सगळं काढून वारं द्या. त्याच वेळी वाळवी कुठून चढतेय का तेही पाहून घ्या. भिंतीला टेकवलेली पेटी चार बोटं पुढे ओढणं, हा यातला सर्वांत स्वस्त उपाय.

दुरुस्ती, नमुना आणि वाटणी

तुटलेला दोरा दिसला की पहिल्यांदा बाजूचे सुटे फासे एखाद्या बारीक दोऱ्यात ओवून घ्या, म्हणजे पुढे उसवत नाही. मग त्याच जाडीचा दोरा शोधा. मर्सराइज्ड, म्हणजे चकाकी असलेला, आणि बिनचकाकीचा यांत फरक करा. चुकीचा लावला तर ठिगळ लांबून दिसतं. नवा दोरा पांढराशुभ्र आणि रुमाल सायीच्या रंगाचा असेल तर दोरा फिक्या चहात बुडवून, धुऊन, वाळवून मग वापरा. आपला कापूस जिनिंगमधून गठाणी बांधून बाहेर जातो आणि क्रोशाचा गुंडा मात्र कुठल्या तरी लांबच्या गिरणीचं लेबल लावून परत येतो. भोकरदन-जाफराबादकडच्या बायकांना यात काही नवल वाटत नाही, त्यांनी दोन्ही हाताळलंय.

फार विरलेल्या रुमालाची दुरुस्ती करू नका, नमुना उतरवा. जवळचा फोटो मोठा करून फेरी-फेरीने मोजा: या फेरीत इतके खांब, मधे इतक्या साखळ्या, टोकाला कंगोरा. वहीत लिहा आणि एकदा जाड दोऱ्यावर विणून तपासा. वहीत चूक असेल तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत रुमाल वाटीसारखा वर वळतो किंवा कडा लाटांसारख्या होतात. पहिल्यात खांब कमी पडले, दुसऱ्यात जास्त झाले. नवा रुमाल रोजच्या वापरात घाला आणि जुना विश्रांतीला जाऊ द्या. फ्रेम करायची तर रुमाल कापडावर चार टाक्यांनी शिवून बसवा, डिंक लावू नका, काच कापडाला टेकू देऊ नका आणि पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका.

सर्वांत अवघड काम म्हणजे वाटणी. आईच्या मागे एक मोठा टेबलक्लॉथ आणि तीन बहिणी, दोन सुना. कात्री आणण्याआधी टेबलक्लॉथ कसा विणलाय ते पाहा. एकाच मध्यापासून फेऱ्या वाढवत गेलेला असेल तर तो विभागता येत नाही. कापला की उसवतच जाणार. पण लहान गोल किंवा चौकोन वेगवेगळे विणून शेवटी जोडलेले असतील, तर फक्त जोडाचा दोरा सोडवून तुकडे सुटे करता येतात आणि एकाही तुकड्याला इजा होत नाही. जोडाचा दोरा बहुधा शेवटच्या फेरीतच एकेका साखळीने अडकवलेला असतो, म्हणून हे काम अनुभवी हाताकडे द्या आणि दिवसा करा. सोडवण्याआधी अख्ख्याचा फोटो काढा. प्रत्येक तुकड्याबरोबर चिठ्ठीची पूर्ण नक्कल द्या आणि खाली लिहा की बाकीचे तुकडे कोणाकोणाकडे गेले. सुनांनाही द्या. पुष्कळ घरांत सासूबाईंबरोबर शेवटची वर्षं तो टेबलक्लॉथ धुणारी, खळ देणारी, टाचणारी तीच असते आणि वाटणीच्या वेळी नेमकी तीच स्वयंपाकघरात असते. तिला बाहेर बोलावून मगच टेबलक्लॉथ पसरा.